पोरं कमवायला लागली, आता घरखर्चात त्यांचा वाटा किती आणि तो मागायचा कसा

मुलाला नोकरी लागून तीन वर्षं झाली तरी आम्ही त्याच्याकडून घरखर्चाला एक रुपया घेतला नव्हता. मनात यायचं, पण तोंडातून निघायचं नाही. मग एका मे महिन्यात लाइटबिल आलं ३,९०० रुपयांचं आणि जेवताना ह्यांच्या तोंडून निघून गेलं की रात्रभर एसी चालवायला काय जातंय, बिल भरणारा दुसराच आहे ना. पोरगा काही बोलला नाही, ताटावरून उठला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मोबाइलवर त्याचे ५,००० रुपये आले, खाली एक शब्द लिहिलेला नाही. दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. पैसे हवे होते, ते आलेही, पण असे आले की मला रडू आलं.

त्यानंतर मी हा विषय नीट हातात घेतला. पुढच्या वर्षी मुलगीपण नोकरीला लागली तेव्हा पहिल्यापासूनच ठरवून केलं. दोघं देतात, ठरलेल्या तारखेला देतात, आणि या एका गोष्टीवरून आमच्याकडे आता आवाज चढत नाही. आम्ही डोंबिवलीला राहतो, दोन बेडरूमचा स्वतःचा फ्लॅट, हे प्रायव्हेट कंपनीतून रिटायर झालेत, आणि खाली जे आकडे आहेत ते आमच्या घरचे, चौघं एकत्र होतो तेव्हाचे आहेत, तुमचे वेगळे निघणार. पण काढायची पद्धत तीच वापरता येईल.

सगळ्यात आधी एक सांगते कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आकडा घराच्या खर्चातून काढायचा, पोरांच्या पगारातून नाही. बहुतेक घरांत उलटं होतं, पोराला चाळीस हजार पगार मग दहा दे, साठ झाला की पंधरा दे, आणि पोराला वाटतं माझ्या पगारावर यांचा डोळा आहे. खर्चातून काढलेला आकडा दाखवता येतो, वहीत बोट ठेवून सांगता येतं हा का आणि तो का. पगार बघायचा तो फक्त शेवटी, आकडा झेपतो का एवढं तपासायला.

आधी नवराबायकोने आपसात बोलून घ्या

पोरांशी बोलायच्या आधी हे व्हायलाच पाहिजे. आमचे हे म्हणायचे, मी अजून हिंडताफिरता आहे, पोरांच्या पैशावर जेवायची वेळ आली नाही माझ्यावर. खूप बापांना असं वाटतं आणि त्यात खोटं काही नाही, आयुष्यभर घर चालवलेल्या माणसाला ते टोचतंच. मी त्यांना एवढंच म्हटलं की आपल्याला लागतात म्हणून नको, पण घर चालवायला काय लागतं हे त्याला कळायला नको का, उद्या लग्न करून वेगळा राहिला तर महिन्याच्या वीस तारखेला हात पसरेल.

माझं माहेर लालबागचं. तिथे लहानपणी मी खाणावळी बघितल्यात, कोकणातून, घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार महिन्याचे पैसे देऊन बायकांच्या हातचं जेवायचे, बाकीची मनीऑर्डर गावी. त्याच खाणावळवाल्या बायकांना घेऊन प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. म्हणजे रोजच्या दोन वेळच्या जेवणाला किंमत असते, ते रांधायला कष्ट असतात, हे त्या वस्तीत कोणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. घरातल्या घरात मात्र आईचं जेवण फुकट धरलं जातं. मला त्याचं बिल लावायचं नाहीये, पण पोरांना ते दिसलं पाहिजे एवढं मला मनापासून वाटतं.

दोघांनी मिळून एक प्रश्न प्रामाणिकपणे सोडवा: आपल्याला हे पैसे खरंच लागतात का, की लागत नाहीत पण सवय लागावी म्हणून घ्यायचेत? दोन्ही कारणं चांगली आहेत पण एकाच्या जागी दुसरं सांगू नका. प्रायव्हेट कंपनीतून रिटायर झालेल्यांना ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफवाल्या नोकरदारांच्या योजनेची, पेन्शन किती येते हे ज्यांच्या घरी येते त्यांना विचारा, तिचा किमान आकडा २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे, त्यात दुधाचं बिल पण भागत नाही. अशा घरात लाजायचं काही कारण नाही, स्पष्ट सांगायचं की बाळा, आता तुझ्याशिवाय भागत नाही.

दोन महिने वही लिहा, आणि वर्षाचे खर्च विसरू नका

दोन महिने रोजचा खर्च लिहा. मोबाइलमध्ये लिहा नाहीतर शंभर पानी वहीत, पण यूपीआयने दिलेले वीस-तीस रुपयेसुद्धा सोडू नका, कोथिंबीर, इस्त्री, लिफ्टमध्ये भेटलेल्या मंडळाची वर्गणी, सगळं.

इथे एक चूक सगळ्यांची होते, माझीही झाली. आपल्याकडे वर्षाची बेगमी एप्रिल-मेमध्ये भरतात, गहू, तांदूळ, तूरडाळ, मिरच्या कांडून मसाला, पापड-कुरडया. ऑगस्टची वही बघितली तर किराणा कमी दिसतो कारण गहू डब्यात आहे. म्हणून बेगमीचा एकूण खर्च काढून त्याला बाराने भागा. आमचा ३६,००० येतो, म्हणजे महिन्याला ३,०००. मालमत्ता कर, पाण्याच्या फिल्टरची सर्व्हिस, मिक्सर-गिझर बिघडतो तो खर्च, हे पण तसंच बाराने भागून धरा. गणपतीचा खर्च मी यात धरत नाही, आमच्याकडे दीड दिवसाचा असतो आणि त्याला पोरं आपणहून घालतात, त्याचा हिशोब करावासा मला वाटत नाही.

खर्चाचे तीन ढीग करा

हे नीट करा कारण भांडणं इथेच मिटतात.

पहिला ढीग, माणूस वाढला की वाढतो तो खर्च. किराणा बेगमी धरून ९,०००, दूध ३,६००, भाजी-फळं ६,०००, अंडी-मासे-चिकन ३,५००, गॅस ९००. झाले २३,०००, आम्ही चौघं, म्हणजे माणशी ५,७५०. याच ढिगात मी घरकामाच्या मावशींचे पण धरते कारण चार माणसांची भांडी आणि दोन माणसांची भांडी यात फरक आहे. भांडी-केर-फरशी २,४०० आणि पोळ्यांच्या मावशी २,८००, मिळून ५,२००, माणशी १,३००.

दुसरा ढीग, ज्याने वापरलं त्याचा खर्च. यात वीज, वायफाय आणि गाडी असेल तर पार्किंग. विजेचं सरळ चारने भागू नका. महावितरणचं बिल टप्प्यांनी वाढतं, १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा आणि त्यापुढे चौथा, आणि पहिल्या शंभरचा दर आणि पुढच्यांचा दर यात मोठा फरक आहे. एसीचे युनिट वरच्या महाग टप्प्यात जाऊन बसतात. मी काय केलं, जानेवारीचं बिल घेतलं, तेव्हा कोणाचाच एसी नसतो, ते होतं १,६००. मेचं ३,९००. फरक २,३००, आणि एसी फक्त मुलाच्या खोलीत आहे. वर्षातले चार महिने चालतो, म्हणजे ९,२००, बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला साधारण ७५०. हे त्याचे. जानेवारीचं १,६०० चौघांत, ४०० प्रत्येकी. वायफाय ८०० आहे, आम्हाला एवढ्या स्पीडचं लागत नाही, त्याला वर्क फ्रॉम होमसाठी लागतं, म्हणून अर्धं त्याचं.

तिसरा ढीग, पोरं नसती तरी झालाच असता असा खर्च. सोसायटीचं मेंटेनन्स, मालमत्ता कर, घराची दुरुस्ती, होमलोन उरलं असेल तर त्याचा हप्ता. यातून मी काही घेत नाही. घर आम्ही आमच्यासाठी घेतलं, पोरांनी घ्या म्हटलं नव्हतं. पण ज्या घरात आईवडलांना नियमित उत्पन्नच नाही तिथे हा ढीगपण वाटावा लागेल, आणि तेव्हा तो वाटताना सांगून वाटा, चोरून पहिल्या ढिगात घालू नका.

मुलाचा आकडा आला असा: ५,७५० आणि १,३०० आणि विजेचे १,१५० आणि वायफायचे ४००, म्हणजे ८,६००. आम्ही ८,५०० धरले. मुलीच्या खोलीत एसी नाही, तिचे ५,७५०, १,३०० आणि ४००, म्हणजे ७,४५०.

आता पगाराशी ताडून बघा

पगार म्हणजे हातात येणारा. सीटीसीवर, म्हणजे कंपनी सांगते त्या वर्षाच्या एकूण पॅकेजवर, जाऊ नका, त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी, व्हेरिएबल असं सगळं कोंबलेलं असतं, सहा लाखांच्या पॅकेजवाल्या पोराच्या खात्यात पन्नास हजार येत नाहीत. त्यातून एज्युकेशन लोनचा हप्ता जात असेल तर तोही आधी वजा करा. लोन आधी, घरखर्च नंतर, हा क्रम मी कधी बदलणार नाही, कारण हप्ता चुकला तर त्याचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, बिघडतो आणि त्या लोनला बहुतेक वेळा आपल्याचपैकी कोणीतरी सहकर्जदार असतं.

उरलेल्याच्या एक चतुर्थांशाच्या वर घरखर्चाचा आकडा जाऊ द्यायचा नाही असं मी ठरवलंय. हा काही कुठला नियम नाही, माझा आपला अंदाज आहे, कारण या वयात त्यांनी चार पैसे बाजूला टाकले नाहीत तर कधी टाकणार. मुलाला ४२,००० येतात, ८,५०० म्हणजे पाचवा हिस्सा, ठीक. मुलीला सुरुवातीला २४,००० यायचे, ७,४५० म्हणजे पगाराच्या तीस टक्क्यांच्या वर गेलं. म्हणून तिचे ६,००० ठरले. वरचे १,४५० आम्ही सोडले, आणि सोडले म्हणजे सोडले, ते उधारी म्हणून वहीत चढवले नाहीत.

तुमच्या भागातल्या मेसचा महिन्याचा रेट आणि पीजीचं भाडं एकदा विचारून ठेवा. पोराला टोमणा मारायला नाही, तर स्वतःला तपासायला. तुमचा आकडा मेस आणि पीजीच्या बेरजेजवळ जायला लागला असेल तर कुठेतरी चुकतंय.

आणि एक कळकळीने सांगते, यात शिक्षणाचा खर्च आणू नका. तुझ्या इंजिनिअरिंगला आठ लाख घातले हे वाक्य या बोलण्यात आलं की संपलं. ते आपण आईबाप म्हणून केलं, ते वसूल करायचं नसतं.

बोलायचं कधी आणि कसं

उत्तम वेळ म्हणजे नोकरी लागल्यावर लगेच. पहिला पगार त्यांचा असू दे, देवापुढे पेढे ठेवू देत, आजीला साडी घेऊ देत, मित्रांना पार्टी देऊ देत. दुसऱ्या पगारापासून सुरू करा. आम्ही मुलाच्या वेळी तीन वर्षं थांबलो आणि तोपर्यंत त्याचा पूर्ण पगार कुठे ना कुठे बांधला गेला होता, बाइकचा हप्ता, फोनचा हप्ता, दोन एसआयपी, जिम. त्याला एकदम ८,५०० काढायला सांगणं अन्यायाचं झालं असतं म्हणून पहिले चार महिने ४,०००, मग ६,०००, मग पूर्ण असं केलं. तुमचाही उशीर झाला असेल तर पायऱ्या लावा आणि मागची थकबाकी मागू नका.

बिल आलेल्या रात्री बोलू नका. मामा-मावशी बसलेत तेव्हा बोलू नका. व्हॉट्सॲपवर तर अजिबात नाही. आम्ही रविवारी पोहे खाऊन झाल्यावर बसलो, वही मध्ये ठेवली, आणि मी एवढंच म्हटलं, "बाळा, घराला महिन्याला एवढे लागतात, हे बघ. आता तूही कमावतोस तर तुझा वाटा साधारण एवढा बसतो. तुला काय वाटतं?" शेवटचा प्रश्न खरा असला पाहिजे. मुलाने वही चाळून विचारलं की मी आठवड्यातले तीन दिवस ऑफिसला दुपारी तिकडेच जेवतो मग माझे मासिक जेवणाचे पूर्ण का? रास्त होतं. मग बघितलं तर त्या दिवसांचा सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण घरीच, शिवाय डब्यात भाजी उरतेच, तर आम्ही तिथे आकडा कमी केला नाही पण त्याला ते पटवून दिलं. मुलगी डबा नेते. एखाद्याच्या घरी पोरगा महिन्यातले पंधरा दिवस साइटवर असेल तर जेवणाचा भाग अर्धा करायलाच हवा.

"मी काय पेइंग गेस्ट आहे का" हे ऐकायची तयारी ठेवा. आमच्याकडेही आलं. मी म्हटलं, पेइंग गेस्टला कोणी वही दाखवत नाही, तुला दाखवतेय कारण घर तुझं आहे. "माझ्या मित्रांपैकी कोणी देत नाही" यावर वाद घालू नका, नसतीलही देत, प्रत्येक घराचं वेगळं. "आत्ता हप्ते आहेत" म्हणाला तर हप्त्यांची यादी सोबत बसून करा, कधी संपतात ते बघा, आणि त्याप्रमाणे पायऱ्या लावा.

मुलीकडून पण घ्या

यावर आमच्या घरात सगळ्यात जास्त चर्चा झाली. माझ्या सासूबाईंचं म्हणणं की लेकीच्या कमाईला हात लावू नये, ती परक्याच्या घरची. त्यांच्या जागी त्या बरोबर असतील, पण मला हे पटत नाही. २००५ पासून हिंदू कायद्याने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, आणि म्हाताऱ्या आईवडलांना सांभाळायची जबाबदारी लग्न झालेल्या मुलीवरपण आहे हे सुप्रीम कोर्टाने १९८७ सालीच सांगितलंय. हक्क सारखा, जबाबदारी सारखी, मग घरखर्चाच्या वहीतून तिचं नाव गाळायचं कशासाठी? तिचं नाव गाळलं की तिचा शब्दपण गाळला जातो, हे मी खूप घरांत बघितलंय.

पण मग कामातही सारखं पाहिजे. मुलगी पैसेही देते आणि ओटाही आवरते, मुलगा फक्त पैसे देतो, हे चालणार नाही. पैसे दिले म्हणून कामं सुटत नाहीत हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या. आमच्याकडे मुलाकडे रात्रीची भांडी लावणं, कपडे मशीनला लावणं आणि शनिवारची भाजी, मुलीकडे इस्त्रीचा हिशोब, सकाळचे चहा-डबे भरायला मदत आणि ह्यांच्या औषधांची ऑर्डर. मावशी नाही आल्या तर चौघांत वाटून.

पैसे यायची तारीख, खातं आणि पद्धत

पगार एक तारखेला होत असेल तर तीन तारीख ठरवा. बँकेच्या ॲपमध्ये स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावा, महिन्याला आपोआप जातात, कोणाला आठवण करून द्यावी लागत नाही आणि आठवण करून देणं हेच तर दोघांनाही नकोसं असतं. रिमार्कमध्ये घरखर्च असं लिहायचं.

खातं शक्यतो वेगळं ठेवा. आम्ही माझ्या नावाचं एक जुनं बचत खातं यासाठी काढून ठेवलं, ह्यांची पेन्शन आणि एफडीच्या व्याजातली ठरलेली रक्कम पण त्यातच येते, आणि घरातला सगळा खर्च त्यातूनच जातो. किराणा आणणारी मी, मावशींचे पैसे देणारी मी, तर खातं माझ्या नावावर असणं सोयीचं पडतं. ह्यांना नॉमिनी केलंय, तेवढं मात्र लगेच करून टाका.

"तू दूध भर, ती वायफाय भरेल, किराणा मी बघतो" असं वाटून घेणाऱ्यांना माझा सल्ला आहे की नका करू. दोन महिन्यांत गोंधळ होतो. दहा मिनिटांत सामान आणून देणाऱ्या ॲपवरून रात्री अकराला मागवलेले चिप्स आणि आइस्क्रीम पण मग घरखर्चात धरले जातात, आणि तो म्हणतो मी या महिन्यात चार हजारांचं सामान आणलं, आणि बघायला गेलं तर घरात तेल संपलंय. एकच रक्कम, एकच खातं. अपवाद एकच, मेडिक्लेम, त्याचं खाली सांगते.

टॅक्सचं थोडक्यात

पोरांनी घरखर्चाला आईवडलांना दिलेल्या पैशावर आईवडलांना टॅक्स लागत नाही, जवळच्या नात्यातून मिळालेली रक्कम कितीही असली तरी. तो पैसा तुम्ही एफडीत टाकला तर व्याज मात्र तुमचं उत्पन्न.

याला भाडं म्हणून एचआरएची, म्हणजे घरभाडे भत्त्याची, करसूट घेता येईल का असं मुलं विचारतात. तो मुलगा जुन्या करप्रणालीत असेल तरच प्रश्न येतो, २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू असते आणि तिच्यात एचआरएची सूट नाही. जुनी निवडली असेल तर घर आईच्या किंवा वडलांच्या नावावर हवं, भाडं खरोखर खात्यात यायला हवं, ते त्यांनी आपल्या रिटर्नमध्ये दाखवायला हवं, आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं तर घरमालक म्हणून त्यांचा पॅन कंपनीत द्यावा लागतो. करायचं तर हे सगळं नीट करा, नुसत्या कागदावरच्या पावत्या बनवू नका. आम्ही या वाटेला गेलोच नाही, आमच्याकडे भाडं हा शब्दच वापरत नाही.

मेडिक्लेम वेगळा धरा. पोरांच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आईवडलांचं नाव असतं म्हणून खूप जण निवांत असतात, पण ती नोकरीबरोबर जाते. आमची स्वतःची पॉलिसी आहे, तिचा हप्ता मुलगा वर्षातून एकदा थेट विमा कंपनीला भरतो आणि तो घरखर्चात धरत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा जीएसटी शून्य झालाय त्यामुळे थोडा हलका पडतो. तो जुन्या करप्रणालीत असेल तर आईवडील साठीच्या पुढचे असताना ५०,००० पर्यंतच्या हप्त्याची वजावट त्याला मिळते, फक्त रोखीने भरायचा नाही.

लागत नसतील तर गुपचूप जमवू नका

खूप आईवडील पोरांकडून पैसे घेतात, एफडीत टाकतात आणि लग्नात किंवा घर घेताना एकदम हातात ठेवतात. ऐकायला छान वाटतं. मला त्यात धोका दिसतो. दोन वर्षांनी कोणाची तरी अँजिओप्लास्टी निघते, ते पैसे वापरले जातात, आणि मग मनात राहतं की ते पोराचे होते, त्याला सांगितलंही नव्हतं. दुसऱ्या भावंडाला कळलं की याचे परत मिळाले माझे नाही, तर तो वेगळा विषय. लागत नसतील तर सरळ सांगा, अर्धे घरात दे आणि अर्ध्याची तुझ्याच नावावर आरडी लाव, बँकेत सहा महिन्यांपासून लावता येते, पोस्टातली पाच वर्षांची असते, नाहीतर पीपीएफ, तो पंधरा वर्षांचा. पासबुक त्याच्याकडे.

पैसे घ्यायला लागल्यावर आपण काय सोडायचं

हा भाग मला जड गेला. वाटा घेतला की उरलेल्या पगाराचा हिशोब विचारायचा नाही. आठ हजारांचे बूट आणले, आणले. मित्रांबरोबर गोव्याला गेला, गेला. विचारावंसं वाटतं, माझ्या ओठांवर येतं, पण त्याने त्याचं दिलंय. उशिरा येणार असेल तर जेवायला आहेस का एवढं संध्याकाळी सातपर्यंत कळवायचं, हा नियम मात्र आहे, तो पैशाचा नाही, कुकर लावायचा आहे.

आणि पोरांनीही, मी पैसे देतो म्हणून मला विचारू नका, असं म्हणायचं नाही. खोलीत काय चाललंय ते त्यांचं, पण पाहुणे राहायला येणार असतील तर सगळ्यांना सांगून. त्यांना वही कधीही बघता येते. मुलाने एकदा बघून विचारलं की भाजीचे या महिन्यात इतके कसे, तेव्हा टोमॅटो महागले होते, मी दाखवलं. विचारलं याचं मला बरंच वाटलं.

नोकरी गेली, पगार वाढला, लग्न ठरलं

नोकरी गेली तर त्याच महिन्यापासून थांबवा आणि हे आधीच, सगळं छान चालू असताना सांगून ठेवा. आयटीमधली पोरं नोकरी गेल्याचं घरी महिना-महिना लपवतात, ऑफिसला जातोय असं दाखवतात, निदान घरखर्चाच्या तीन तारखेच्या भीतीने तरी त्यांना लपवावं लागू नये. नवी नोकरी लागल्यावर दुसऱ्या पगारापासून परत सुरू. मधल्या महिन्यांची थकबाकी नाही.

पगार वाढला म्हणून आकडा वाढवू नका. वर्षातून एकदा, आम्ही गुढीपाडव्याच्या आसपास बसतो, वर्षभराची वही बघतो, घरखर्च वाढला असेल तेवढाच वाटा वाढतो. मुलीचा पगार वाढून ३१,००० झाला तेव्हा तिचा आकडा पुन्हा तिच्या खऱ्या वाट्यावर आणला, त्यावर्षी तो ७,६०० निघाला, चतुर्थांशाच्या आत बसत होता.

सून येणार असेल तर मुलाचा आकडा परस्पर दुप्पट करू नका. दोघांना बसवून नवीन हिशोब करा, तिला पहिल्या दिवसापासून वही दाखवा, ती कमावत असेल तर दोघांचं मिळून किती आणि कोण पाठवणार हे त्यांच्यावर सोडा. वेगळं राहायचं म्हणाले तर घरखर्चाचे पैसे त्या महिन्यापासून बंद, आणि आईवडलांना मदत लागत असेल तर तो वेगळा विषय म्हणून वेगळा बोला.

यंदा जूनमध्ये मुलीची बदली बेंगळुरूला झाली. जायच्या आधी तिने वहीच्या पानांचे फोटो काढून नेले, तिकडे तिघी मिळून फ्लॅट घेतलाय आणि त्यांनी तसेच तीन ढीग केलेत म्हणे. इकडे आम्ही तिघं राहिलो. पहिल्या ढिगाची बेरीज कमी झाली पण भागायला माणसंही कमी, त्यामुळे मुलाचा आकडा सरळ भागून काढला तर थोडा वाढतोय, पोळ्यांच्या मावशींचे तेवढेच राहिलेत ना. ती वाढ त्याच्यावर टाकायची का आम्ही घ्यायची हे अजून ठरवलं नाही. दोन महिने पुन्हा वही लिहितोय, या वेळी भाजीचं पान तो स्वतः लिहितो.